आग्नेय आशिया पहिल्यांदा ओळखताना: आधी पाणी, मग देश, मग वास्तू

आग्नेय आशियात अकरा देश आहेत. आपल्याकडच्या बहुतेकांची त्यांच्याशी ओळख बँकॉक-पट्टाया किंवा सिंगापूर-मलेशियाच्या पाच दिवसांच्या पॅकेजपासून सुरू होते आणि तिथेच संपते. ज्यांना त्यापुढे जायचंय, मग ते प्रत्यक्ष प्रवासासाठी असो, मुलांना शिकवण्यासाठी असो की स्पर्धा परीक्षेसाठी, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

देश, राजधानी, प्रसिद्ध वास्तू अशी तीन रकान्यांची यादी पाठ करायला जाऊ नका. ती आठवड्याभरात विस्कटते. कंबोडियातलं अंगकोर थायलंडमध्ये जाऊन बसतं आणि जावातलं बोरोबुदुर बालीत. या प्रदेशातली जवळजवळ प्रत्येक मोठी वास्तू पाण्याच्या कुठल्या तरी वाटेवर उभी आहे. नदीकाठी, तळ्याजवळ, सामुद्रधुनीच्या तोंडावर किंवा बंदरात. ती वाट एकदा समजली की देश आणि वास्तू दोन्ही आपोआप जागच्या जागी बसतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग देश, मग वास्तू, आणि विमानाची तिकिटं सगळ्यात शेवटी.

पायरी १: कोऱ्या कागदावर पाणी काढा

एक मोठा कागद घ्या आणि देशांच्या सीमा न काढता फक्त पाणी काढा. वरून खाली येणाऱ्या तीन रेघा पुरतात. डावीकडची इरावती, मधली चाओ फ्राया आणि उजवीकडची मेकाँग. मेकाँग सगळ्यात लांब, चार हजार किलोमीटरहून जास्त. तिबेटच्या पठारावर उगम पावते, चीनमधून खाली येते आणि म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया असं करत व्हिएतनामच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. एवढी एक नदी नीट काढता आली की पाच देशांचा शेजार कळला.

आता खाली मलाक्काची सामुद्रधुनी काढा. एका अंगाला मलेशियाचं द्वीपकल्प, दुसऱ्या अंगाला सुमात्रा आणि दक्षिण टोकाला सिंगापूर. भारतातून निघालेली शिडाची जहाजं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर इथवर यायची आणि वारा उलटा फिरेपर्यंत इथल्या बंदरांत मुक्काम ठोकायची. चीनकडून येणारी जहाजं उलट्या वाऱ्यावर यायची. या मुक्कामांमुळे इथे बंदरं वाढली, राज्यं उभी राहिली, धर्म आणि लिप्या उतरल्या. सातव्या शतकात सुमात्रातल्या पालेम्बांगभोवती श्रीविजय राज्य मोठं झालं ते याच वाटेवरच्या पकडीमुळे, आणि १०२५ मध्ये राजेंद्र चोळाने त्याच्यावर आरमार पाठवलं तेही याच वाटेसाठी.

शेवटी उजवीकडे आणि खाली बेटं टाका. इंडोनेशियाची सतरा हजारांहून जास्त, फिलिपिन्सची साडेसात हजारांहून जास्त. सगळी काढायची नाहीत, अर्थात. सुमात्रा, जावा, बाली, बोर्निओ, सुलावेसी, तिमोर आणि लुझोन एवढी पुरे.

पायरी २: आता देश बसवा

पाच देश मुख्य भूमीवर: म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम. सहा समुद्राकडचे: मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, ब्रुनेई, फिलिपिन्स आणि तिमोर-लेस्ते. अकरांपैकी समुद्रकिनारा नसलेला एकटा लाओस, त्यामुळे मेकाँगच त्याचा मुख्य जलमार्ग. मलेशिया दोन तुकड्यांत आहे, अर्धा द्वीपकल्पावर आणि अर्धा बोर्निओवर. नवख्यांचा गोंधळ होतो तो इथेच. बोर्निओ हे एक बेट तीन देशांत वाटलेलं आहे: मलेशिया, इंडोनेशिया आणि चिमुकला ब्रुनेई.

परीक्षेवाल्यांसाठी: आसियान ही आग्नेय आशियाई देशांची संघटना ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकला स्थापन झाली. सुरुवातीचे सदस्य पाच: इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर, थायलंड. २००२ साली स्वतंत्र झालेला तिमोर-लेस्ते २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अकरावा सदस्य झाला. जुन्या पुस्तकांत दहाच देश दिसतील.

पायरी ३: नद्यांच्या काठाने वर-खाली फिरा

इरावतीपासून सुरू करा. तिच्या एका वळणावर बगान आहे. अकराव्या ते तेराव्या शतकात राजांनी आणि श्रीमंतांनी पुण्यासाठी बांधलेले स्तूप आणि देवळं, आजही दोन हजारांच्या वर उभी. २०१९ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. नदीने आणखी वर गेलं की मंडाले. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ इथल्या तुरुंगात होते आणि गीतारहस्य त्यांनी इथेच लिहिलं. त्याच्या उलट्या दिशेचा प्रवास झाला तो मंडालेच्या शेवटच्या राजाचा. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाला पदच्युत केलं, रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहिला असेल तर ब्रह्मदेशाच्या इतिहासाचं शेवटचं पान तुम्ही आधीच पाहिलंय. नसेल पाहिला तर आग्नेय आशियाची सुरुवात तिथूनच करा. त्याला व्हिसा लागत नाही.

म्यानमारला प्रत्यक्ष जाण्याचा सल्ला मात्र मी आज कोणाला देणार नाही. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथे यादवी सुरू झाली आणि मार्च २०२५ च्या मोठ्या भूकंपाने मंडाले परिसराचं फार नुकसान केलं. यांगूनचा सोन्याने मढवलेला श्वेडगॉन पॅगोडा आणि बगान हे सध्या नकाशावर आणि छायाचित्रांत शिका.

चाओ फ्रायाच्या काठी थायलंडच्या दोन राजधान्या आहेत, एक मोडलेली आणि एक नांदती. अयुथ्याची स्थापना चौदाव्या शतकाच्या मध्याला झाली आणि १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने ती जाळली. इथल्या नावांतलं ‘वाट’ म्हणजे देऊळ किंवा विहार. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी कवळलेलं बुद्धमुख इथलं. त्याच्यासोबत फोटो काढताना खाली बसायचं असतं. आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याच्या वर नको. १७८२ मध्ये पहिल्या राम राजाने नदीच्या खालच्या अंगाला बँकॉक वसवलं. ग्रँड पॅलेस, त्याच्या आवारातलं वाट फ्रा केओ, शेजारचं ४६ मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धाचं वाट पो आणि पलीकडच्या तीरावरचं वाट अरुण हे सगळं नदीवरच्या बोटीने एका दिवसात होतं. टॅक्सीत बसून रहदारीत वेळ घालवू नका. ग्रँड पॅलेसच्या बाहेर कोणी गोड बोलून म्हणालं की आज राजवाडा बंद आहे, चला मी दुसरीकडे नेतो, तर ऐकायचं नाही. सरळ दारापर्यंत चालत जायचं.

वाट फ्रा केओमधली हिरव्या पाषाणाची बुद्धमूर्ती दोन देशांना जोडते. ती आधी लाओसच्या व्हिएंतियानमध्ये होती. १७७९ मध्ये सयामी, म्हणजे थायलंडच्या, सैन्याने ती नेली. व्हिएंतियानमध्ये तिचं जुनं देऊळ, हॉ फ्रा केओ, आज संग्रहालय म्हणून उभं आहे. एका सहलीत दोन्ही पाहिलीत तर लाओसच्या माणसाला या मूर्तीविषयी काय वाटत असेल ते वेगळं सांगावं लागणार नाही.

आता मेकाँग. वरच्या अंगाला लुआंग प्रबांग, नाम खान नदी मेकाँगला मिळते त्या संगमावरचं जुनं राजधानीचं गाव, १९९५ पासून जागतिक वारसा. माझ्या मते अख्ख्या प्रदेशात नवख्याला सगळ्यात सुखाचं गाव हेच. छोटं, चालत फिरता येणारं, उतरत्या छपरांच्या वाट शिएंग थाँगसारख्या विहारांचं. पहाटे भिक्खू रांगेने भिक्षेला निघतात तेव्हा लांबून, गप्प उभं राहून पाहा. फ्लॅश आणि सेल्फी नकोत. दक्षिणेला चंपासाक भागात वाट फू आहे, डोंगराच्या पायथ्याशी असलेलं मूळचं शिवमंदिर. तिथून नदी कंबोडियात शिरते.

व्हिएतनाममध्ये मेकाँग फक्त शेवटी येते. तो देश किनाऱ्याने वाचायचा. उत्तरेला हा लाँग उपसागर, चुनखडीची सोळाशेच्या आसपास बेटं आणि सुळके पाण्यातून वर आलेले. मध्यावर ह्युएचा राजवाड्यांचा किल्ला आणि होई आन हे जुनं व्यापारी बंदर. होई आनपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर मी सन: चंपा या इथल्या जुन्या राज्याच्या राजांची विटांची शिवमंदिरं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराची स्थापना केली आणि पुढे अनेक शतकं बांधकाम चालू राहिलं. १९६९ च्या अमेरिकी बाँबफेकीत त्यातली चांगली देवळं गेली. बाँबचे खड्डे देवळांच्या मधोमध आजही दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे जीर्णोद्धाराचं काम केलं आणि २०२० मध्ये खोदकामात वालुकाश्माचं एकसंध शिवलिंग सापडलं. मी सनला सकाळी लवकर जा; दहानंतर विटा तापतात आणि बसगाड्या भरून येतात.

पायरी ४: अंगकोरला घाई करू नका

सगळ्या प्रदेशात एकच ठिकाण पाहता येणार असेल तर कंबोडियातलं अंगकोर. आणि तिथे एक दिवस पुरत नाही.

आधी पाणी. अंगकोरच्या खाली टोनले साप हे मोठं तळं आहे. त्यातून निघणारी नदी राजधानी नॉम पेन्हजवळ मेकाँगला मिळते. पावसाळ्यात मेकाँगला एवढा फुगवटा येतो की ही नदी उलटी वाहू लागते आणि तळं कोरड्या दिवसांच्या पाच-सहा पट पसरतं. पाणी ओसरलं की मागे मासळी आणि गाळ राहतो. त्या मासळीवर आणि भातावर अंगकोर जगलं. राजांनी त्यात भर घातली ती बारायांची. बाराय म्हणजे खोदलेले प्रचंड तलाव. पश्चिम बाराय सुमारे आठ किलोमीटर लांब आहे. देवळांचा वालुकाश्म कुलेन डोंगरातून कालव्यांनी आणला.

अंगकोर वाट बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने विष्णूसाठी बांधलं. भोवतीचा खंदक १९० मीटर रुंद. देवळाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य देवळाच्या मागून उगवतो आणि पहाटे पाच वाजता तळ्याकाठी हजार माणसं मोबाइल उंचावून उभी असतात. सूर्योदय झाला की ती सगळी नाश्त्याला जातात. तुम्ही जाऊ नका. तोच वेळ शिल्पं पाहायचा.

पश्चिमेच्या दाराने आत आलात की उजवीकडे वळा आणि देऊळ डाव्या हाताला ठेवून चालायला लागा. आपल्या प्रदक्षिणेच्या हे बरोबर उलटं आहे. इथली शिल्पकथा त्याच दिशेने उलगडते. अपसव्य फेरी अंत्यविधीत घालतात आणि दार पश्चिमेला आहे, या दोन्हींवरून हे राजाचं स्मारकमंदिर असावं असं अनेक अभ्यासक मानतात. पहिली भिंत कुरुक्षेत्राची. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, आणि शरशय्येवरचे भीष्म ओळखायला कोणा गाईडची गरज पडत नाही. वळलात की सूर्यवर्मन स्वतः, छत्र्यांच्या गर्दीत बसलेला. मग यम, चित्रगुप्त, स्वर्ग आणि नरक. मग पूर्वेची भिंत, आणि तिथे समुद्रमंथन.

या एका भिंतीसमोर अर्धा तास काढा. ती जवळपास पन्नास मीटर लांब आहे. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, सगळ्यांच्या हातात वासुकी. मधोमध विष्णू, खाली कूर्म. ओळीने सगळे मागे रेललेले, पाय रोवलेले; पोटऱ्यांचा ताण दगडात दिसतो. शेपटीच्या टोकाला एक वानर आहे, तो हनुमान असल्याचं सांगतात. आपल्या कथेत तो इथे नसतो, ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, शिल्पींनी त्याला कामाला लावलंय. वर फेसातून निघालेल्या अप्सरा उडतायत. आता नजर खाली न्या. सगळ्यात खालच्या पट्ट्यात समुद्र आहे, मासे आणि मगरी आहेत. कडेला ते निवांत पोहतायत. जसजसे तुम्ही मधल्या रवीकडे सरकाल तसतसे ते वेडेवाकडे होत जातात आणि अगदी जवळचे तर दोन तुकडे झालेले आहेत. घुसळणीचा जोर दाखवायला शिल्पकाराने माशांची साक्ष काढलीय. एवढ्या मोठ्या देवळात मला सगळ्यात जास्त आवडतात ते हे तुटलेले मासे.

दुसऱ्या दिवशी अंगकोर थॉम आणि त्याच्या मधलं बायोन, म्हणजे सातव्या जयवर्मनच्या काळातले शांत दगडी चेहरे. मग ता प्रोम, जिथे झाडांच्या मुळांनी भिंती धरून ठेवल्यात. तिथल्या जीर्णोद्धारातही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथक आहे. तिसऱ्या दिवशी बांतेआय स्रेई, दहाव्या शतकातलं लहानसं गुलाबी शिवमंदिर. कोरीवकामात याला तोड नाही.

व्यवहाराचं: पास एक, तीन किंवा सात दिवसांचा मिळतो; गेली अनेक वर्षं दर अनुक्रमे ३७, ६२ आणि ७२ डॉलर राहिलाय, निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर खात्री करा. तीन दिवसांचा पास सलग वापरायची सक्ती नाही, दहा दिवसांत कधीही वापरता येतो. मध्ये एक दिवस विश्रांती घ्या, विशेषतः आई-बाबा सोबत असतील तर. अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर सोडत नाहीत. जिना फार उभा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या शिल्पांवरच वेळ द्यावा, काही बिघडत नाही. अंगकोरजवळचं मुक्कामाचं गाव सिएम रीप; त्याचा नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो गावापासून लांब आहे, त्यामुळे हॉटेलकडूनच गाडी सांगून ठेवा.

पायरी ५: सामुद्रधुनी आणि बेटं

सिंगापूर आणि क्वालालंपूर सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे थोडक्यात. सिंगापूर १८१९ मध्ये इंग्रजांनी बंदर म्हणून उभं केलं आणि १९६५ मध्ये स्वतंत्र देश झालं. मर्लायन, मरीना बे सँड्स आणि गार्डन्स बाय द बे एकाच खाडीभोवती आहेत. क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे ४५२ मीटर उंच, १९९८ चे. बातू केव्ह्जच्या २७२ पायऱ्या सकाळी आठच्या आत चढा, आणि माकडांपासून पिशव्या सांभाळा.

या दोन शहरांच्या मध्ये मलाक्का आहे आणि पॅकेजवाले तिथे दोन तास थांबवतात. तुम्ही एक रात्र राहा. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी मलाक्का. पोर्तुगीजांच्या किल्ल्याचं एकच दार शिल्लक आहे. वर टेकडीवर सेंट पॉल चर्चची बिनछपराची भिंत उभी आहे आणि आत जाळी लावलेला एक रिकामा खड्डा. सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह १५५३ मध्ये काही महिने इथे पुरला होता. मग तो गोव्याला नेला. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात ज्यांनी ती चांदीची पेटी पाहिलीय त्यांनी हा खड्डाही पाहावा. तिमोर-लेस्तेचं नातंही असंच गोव्याशी आहे. पोर्तुगीजांच्या त्या वसाहतीचा कारभार १८४४ पर्यंत गोव्यातून चालायचा. राजधानी दिलीच्या टोकावर पृथ्वीगोलावर उभा असलेला २७ मीटरचा ख्रिस्त ही तिथली खूण.

जावात बोरोबुदुर आणि प्रंबनन एकमेकांपासून दीड-दोन तासांवर आहेत, दोन्हींसाठी मुक्काम योग्याकार्तात. बोरोबुदुर आठव्या-नवव्या शतकातलं, शैलेंद्र राजांचं. खाली सहा चौकोनी मजले, वर तीन गोल, गोल मजल्यांवर ७२ जाळीदार स्तूप आणि प्रत्येकात एक बुद्ध. इथे मात्र आपली नेहमीची प्रदक्षिणा: पूर्वेकडून सुरुवात, देव उजव्या हाताला. पहिल्या सज्जातल्या भिंतीवर वरच्या ओळीत बुद्धचरित्र आहे आणि खालच्या ओळीत जातक आणि अवदान कथा. त्यातच एक शिडाचं जहाज कोरलंय, बाजूला तोल सांभाळणाऱ्या लाकडी दांड्यांसह. तुम्ही पायरी १ मध्ये काढलेल्या वाटेवर धावणारं जहाज ते हेच. वर चढायला आता वेगळं तिकीट, ठरलेली वेळ आणि सोबत गाईड लागतो, रोजची संख्या मर्यादित आहे आणि दगड झिजू नयेत म्हणून खास चपला देतात. ऐनवेळी जाऊन मिळेल असं धरू नका.

प्रंबननला ब्रह्मा, विष्णू, शिव अशी तीन मोठी देवळं. मधलं शिवाचं ४७ मीटर उंच. कठड्यांच्या आतल्या बाजूला रामायण आहे. दुपारी उशिरा जा.

फिलिपिन्ससाठी तीन खुणा लक्षात ठेवा: मनिलाचा स्पॅनिश तटबंदीचा भाग इंट्राम्युरोस, उत्तर लुझोनच्या डोंगरातली इफुगाव भाताची खाचरं आणि मायोनचा जवळजवळ निर्दोष शंकू असलेला ज्वालामुखी. ब्रुनेईत ओमर अली सैफुद्दीन मशीद आणि तिच्याजवळचं पाण्यावरचं गाव कामपाँग आयेर. दोन्ही एका दिवसात होतात.

पायरी ६: आपल्या सुट्ट्यांवरून हंगाम ठरवा

मे महिन्यात बँकॉक, सिएम रीप, व्हिएंतियान भाजून निघतात आणि पाऊस तोंडावर असतो. मेच्या सुट्टीत जावा-बाली गाठा. विषुववृत्ताच्या खाली असल्याने तिथे तेव्हा कोरडे दिवस सुरू होतात. दिवाळीच्या सुट्टीत थायलंड आणि कंबोडिया ठीक, पाऊस सरत आलेला, शेतं हिरवी, तळं भरलेलं. पण त्याच दिवसांत मध्य व्हिएतनामला, म्हणजे ह्युए आणि होई आनला, जोराचा पाऊस असतो आणि होई आनच्या रस्त्यांत पुराचं पाणी शिरतं. तिकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. नाताळात मुख्य भूमीवर हवा उत्तम, गर्दी आणि दर चढलेले. फिलिपिन्समध्ये जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ.

दोन सण आधीच बघून ठेवा. एप्रिलच्या मध्याला थायलंड, लाओस, कंबोडियात नववर्ष असतं. रस्त्यात पाणी उडवतात, गाड्या भरलेल्या असतात, दुकानं बंद. आणि बालीतला न्येपी. बालीचं शक वर्ष आपल्या शालिवाहन शकाशी जुळतं, आणि त्याचा पहिला दिवस बरेचदा गुढीपाडव्याच्या आगेमागे येतो. त्या दिवशी अख्खं बेट मौन पाळतं. विमानतळ चोवीस तास बंद, रस्त्यावर कोणी नाही, पर्यटकांनीही हॉटेलच्या आतच राहायचं. पाडव्याच्या सुट्टीत बाली ठरवत असाल तर ही तारीख पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका.

पायरी ७: कपडे, जेवण, पैसे, सुरक्षितता

सगळ्या विहारांत आणि देवळांत खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. सुती पँट आणि बाह्यांचा शर्ट घाला. बायकांनी एक ओढणी जवळ ठेवावी. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नसतो, वस्तूही हातात द्यायची नसते.

शाकाहारी लोकांनी नीट लक्ष द्यावं. भाजी दिसली म्हणजे शाकाहारी असं इथे नाही. माशाचा रस आणि कोळंबीची चटणी जवळजवळ सगळ्यात पडते. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. तिथे मांस-मासे-अंडी तर नाहीच, लसूण-कांदाही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ लिहिलेली खानावळ पाहा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबं शाकाहार करतात, तेव्हा अशा जागा जास्त दिसतात. जावात टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि टोफू पोटभर मिळतात, चटणीत कोळंबी आहे का ते विचारा. मलेशिया-सिंगापुरात तमिळ खानावळी असल्याने चिंता नाही.

कंबोडियात डॉलर चालतात, पण फाटकी किंवा डागाळलेली नोट घेत नाहीत. घरूनच कोऱ्या, लहान किमतीच्या नोटा न्या. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसाचे नियम भारतीयांसाठी वरचेवर बदलतात, म्हणून मित्राने मागच्या वर्षी काय केलं त्यावर विसंबू नका. त्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ पाहा.

२०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. या दोन देशांत प्रवास करायचा तर भारतीय परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा, आणि सीमेवरच्या प्रेआह विहेअर मंदिराचा बेत सध्या सोडा. आणि घरातल्या तरुण मुलामुलींना हे जरूर सांगा: थायलंडमध्ये भरघोस पगाराची नोकरी, मुलाखत फक्त फोनवर, तिकीट कंपनीचं, असं कोणी सांगितलं तर जाऊ नका. अशी बरीच भारतीय मुलं सीमेपलीकडे म्यानमारमधल्या ऑनलाइन फसवणुकीच्या छावण्यांत अडकली आणि सरकारला त्यांना सोडवून आणावं लागलं.

पायरी ८: एक वाट निवडा

पहिल्या खेपेला तीनपैकी एकच वाट घ्या.

सामुद्रधुनीची वाट सगळ्यात सोपी: सिंगापूर, तिथून बसने मलाक्का, पुढे क्वालालंपूर, मग रेल्वेने बटरवर्थ आणि फेरीने पेनांगचं जॉर्ज टाउन. लहान मुलं आणि वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर हीच.

मेकाँगची वाट पंधरा दिवस मागते. उत्तर थायलंडच्या सीमेवरून, लाओसमधल्या हुआय साईहून, संथ बोटीने लुआंग प्रबांगला दोन दिवस लागतात, मध्ये पाकबेंगला मुक्काम. बोटीत बसायला लाकडी बाकं किंवा जुन्या गाडीतल्या खुर्च्या असतात, खाणं बरोबर घ्या. पुढे व्हिएंतियानला २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने दोन तासांत. तिथून विमानाने सिएम रीप, मग नॉम पेन्ह, आणि नॉम पेन्हहून जलद बोटीने नदीवरूनच व्हिएतनामच्या चाऊ डॉकला उतरता येतं. या बोटीसाठी व्हिएतनामचा व्हिसा आधी काढलेला हवा, आणि त्यावर प्रवेशाचं नाकं तेच लिहिलेलं आहे ना ते तपासा.

जावा-बालीची वाट मेच्या सुट्टीतली. जकार्ता ते योग्याकार्ता रेल्वेने सहा-सात तास, खिडकीतून भाताची खाचरं आणि ज्वालामुखी. तिथे चार दिवस. मग रेल्वेने पूर्वेला बान्युवांगीकडे, आणि केतापांग धक्क्यावरून फेरीने बालीच्या गिलिमानुकला. ओलांडायला तासभरसुद्धा लागत नाही. फक्त उतरल्यावर घड्याळ एक तास पुढे करा; बालीची वेळ जावापेक्षा वेगळी आहे, आणि पुढची गाडी स्थानिक वेळेनेच सुटते.